कुमैत घोडीची सुनावणी

आमच्या तीन एकरांत गाय चालत होती, डुक्कर चालत होतं, शंभर कोंबड्या पाळल्या असत्या तरी कोणी हूं की चूं केलं नसतं. घोडा मात्र चालत नव्हता. काउंटीच्या ऑफिसातल्या बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं आहे. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने आणि जरा सावकाश.

जमीन कागदोपत्री शेतीची होती. शेतीच्या जमिनीवर शेतीची जनावरं ठेवायला मुभा होती. पण घोडा शेतीच्या जनावरांत मोडत नव्हता, तो हौसेचा. पाच एकरांच्या वर जमीन असेल तर खुशाल हौस करा. त्याच्या खाली असेल तर बोर्डाकडे अर्ज करा, जागेचा नकाशा जोडा, आजूबाजूच्या जमीनमालकांना नोटिसा द्या आणि सुनावणीला हजर राहा. बाई स्वभावाने चांगल्या होत्या. चष्मा साखळीला लावून गळ्यात घालायच्या आणि दर वाक्यानंतर "ओके, हनी?" म्हणायच्या. मी प्रत्येक वेळी ओके म्हणत होते आणि मनात चरफडत होते.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नजवळ राहत होतो. आज तिकडे राहणाऱ्या मराठी मुलांना मी सांगते की तुमचं ते डेटा सेंटर आहे ना, तिथे मक्याचं शेत होतं, तेव्हा ती मुलं मान डोलावतात आणि फोनकडे बघतात. तेव्हा तिथे रस्त्याला दिवे नव्हते. दर दोन-तीन शेतांमागे एक घर. आम्ही तिथे का गेलो, तर नवऱ्याला मोकळी हवा हवी होती. माझी नोकरी हॉस्पिटलच्या फार्मसीत, घरापासून चाळीस मिनिटांवर, त्यामुळे मोकळी हवा मी गाडीच्या खिडकीतूनच खात होते. घरामागे एक जुना लाकडी गोठा होता, त्याचं एक दार गळून पडलेलं. नवरा दर शनिवारी त्या दाराकडे बघायचा आणि "नेक्स्ट वीकएंडला करतो" म्हणायचा.

मार्चमध्ये बाबा नागपूरहून आले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते घरात एकटेच होते. मीच हट्टाने बोलावून घेतलं. पहिले तीन दिवस ते खिडकीजवळ बसून होते. "माणसं कुठी असतात इथली?" एवढंच विचारलं. चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर बाबा घरात नाहीत. कोट नाही, टोपी नाही, बूट नाहीत. गाडी काढून रस्त्याने हळूहळू निघाले, तर शेजारच्या शेताच्या कुंपणाला टेकून बाबा उभे. कुंपणापलीकडे एक घोडी त्यांच्या तळहातावरचा गूळ चाटत होती. तो गूळ मी बाबांच्या चहासाठी वॉशिंग्टनजवळच्या दुकानातून आणलेला होता.

बाबांनी मान न वळवता सांगितलं, "कुमैत आहे, तांबूस अंग अन् काळी आयाळ. वय अठरा-एकोणीस. मागच्या डाव्या पायाची नाल ढिली झाली आहे, मालकाले सांग."

बाबा चाळीस वर्षं नागपूरच्या एका सरकारी पागेत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करायचा, चंदी द्यायची, लीद काढायची, फिरवून आणायचं. सुरुवातीची वर्षं गोऱ्या साहेबांच्या हाताखाली गेली, नंतरची आपल्या साहेबांच्या. बाबांच्या मते दोघांत फरक एवढाच, की गोरे साहेब शिव्या इंग्रजीत देत. त्यामुळे बाबांना इंग्रजी येत होतं, पण सगळं पागेतलं. बाजारात भाव विचारता यायचा नाही, पण घोड्याच्या अंगाचा एकूण एक भाग, त्याची प्रत्येक चाल आणि त्याचे सगळे आजार ते इंग्रजीत सांगू शकत. शेजारचा म्हातारा शेतकरी घराबाहेर आला तेव्हा बाबांनी घोडीच्या पायाकडे बोट दाखवून सांगितलं, "निअर हाइंड. शू लूज." म्हाताऱ्याने खाली वाकून पाहिलं आणि मग बाबांकडे असं पाहिलं की जणू त्यांच्यासाठीच तो इतके दिवस थांबला होता.

त्या दिवसापासून बाबांची नोकरी पुन्हा सुरू झाली. सकाळी साडेपाचला उठायचे, चहा घ्यायचे आणि निघायचे. म्हाताऱ्याची बायको वारली होती. दोघे विधुर दिवसभर त्या घोडीभोवती असत. काय बोलत होते देव जाणे. एकदा मी ऐकलं, बाबा त्याला मराठीत आमच्या आईबद्दल सांगत होते आणि तो ऐकत होता. बाबा घोडीला 'बाई' म्हणत. "बाईने आज चंदी टाकली," "बाईचा मूड बरा नाही," अशा बातम्या मला रोज संध्याकाळी मिळत. मी वर्षानुवर्षं बापाला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं.

एप्रिलच्या शेवटी म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. दुधाचा धंदा त्याने बंद केला होता. शेताचा सौदा ठरला होता आणि जूनअखेर ताबा देऊन तो फ्लोरिडाला मुलीकडे जाणार होता. गाई गेल्या, ट्रॅक्टर गेला. घोडी तेवढी राहिली होती. एवढी म्हातारी घोडी कोण घेणार? लिलावात पाठवावी लागणार होती. लिलावातून म्हातारे घोडे कुठे जातात ते तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. तो म्हणाला, "तुझ्या वडिलांना हवी असेल तर फुकट घेऊन जा. त्यांच्याशिवाय कोणाला द्यावी असं मला वाटत नाही."

हे मला बाबांना मराठीत सांगावं लागलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे आपली?" त्यांनी विचारलं.

"हो, आपली. तुमची."

त्या संध्याकाळी बाबा आमच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी गळून पडलेलं दार त्यांनी एकट्याने उभं केलं. नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

म्हणून मी काउंटीच्या ऑफिसात गेले होते, आणि म्हणून ते गाय-डुक्कर-कोंबडीचं पुराण ऐकून परत आले. घरी येऊन सगळं सांगितलं. नवरा इंजिनिअर, त्याला अर्ज आणि नकाशे म्हटलं की हुरूप येतो. तो लगेच मोजपट्टी शोधायला निघाला. बाबा मात्र एकाच गोष्टीवर अडले.

"शेजारी जमणार?"

"हो. म्हणजे ज्यांना यायचं ते येतील."

"आन् आपल्याले घोडी ठेवू द्यायची का नाही, ते ठरवणार?"

"ते नाही ठरवणार बाबा, बोर्ड ठरवणार. शेजारी फक्त बोलतील."

"लोकं जमतील, आपण समोर उभं राहू, अन् ते ठरवतील. मग फरक काय झाला?"

कशाशी फरक, ते मला ठाऊक होतं. बाबांनी ती गोष्ट मला आयुष्यात एकदाच सांगितली होती, मी कॉलेजात असताना, तीही दोन वाक्यांत. बाबांच्या लग्नाच्या वेळी ते पागेत लागून चार वर्षं झाली होती. पागेतल्या जमादाराने खूष होऊन वरातीसाठी एक घोडा दिला. पण घोडा गावाच्या वेशीवर आला आणि चावडीवर गाव बसलं. ठरलं, की आमच्यातल्या माणसाने घोड्यावर बसून गावातून जायचं नाही. बाबा चालत लग्नाला गेले आणि घोडा आल्या पावली परत. पुढे आम्ही बौद्ध झालो, गाव सुटलं, मी शिकले, विमानात बसून इथवर आले. बाबा मात्र चाळीस वर्षं घोड्यांत काढूनही कधी घोड्यावर बसले नाहीत. पागेतही नियम तोच होता, मोतद्दाराने घोडा धरून चालवायचा, वर साहेबाने बसायचं.

मला एकदम राग आला, त्या चावडीचा, या बोर्डाचा, आणि हे सगळं मला तोंड उघडून बाबांना समजावून सांगता येत नव्हतं त्याचाही. शेवटी बाबाच म्हणाले, "ठीक आहे. बाईसाठी येतो मी."

सुनावणीची तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यात मिळाली. ही चुकली की पुढची थेट जुलैत, म्हणजे घोडी गेल्यावर. नवऱ्याने नकाशा काढला. तो इतका सुंदर काढला की गोठा आणि विहीर तर सोडाच, आमचं एकुलतं एक सफरचंदाचं झाडही मापात होतं. मग त्याला कंपनीच्या कामासाठी आठवडाभर टेक्सासला, शुगर लँडला जायचं होतं. जाताना त्याने फ्रिजवर यादी लावली. त्यात तिसरं काम होतं: शेजाऱ्यांच्या अकरा नोटिसा, सर्टिफाइड मेल, म्हणजे आपलं रजिस्टर पोस्ट.

आता मी काय केलं ते सांगते, आणि का केलं तेही सांगते, कारण नवरा अजूनही लोकांना ही गोष्ट अर्धीच सांगतो.

नोटिसा घेऊन मी टेबलाशी बसले. कागदावर लिहिलेलं होतं की अमुक दिवशी अमुक वेळी आमच्या अर्जाचा विचार होणार आहे, आपण उपस्थित राहू शकता. मला ते वाचून कसंतरीच झालं. शेजारच्या माणसाला बोलावणं पोस्टाने? आमच्याकडे लग्नाची पत्रिका पोस्टाने आली तर माणसं म्हणतात, येऊ नका म्हणून कळवलंय. घरी जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, "तुम्ही यायलाच पाहिजे" असं दोनदा म्हणायचं, तेव्हा कुठे ते बोलावणं. शिवाय त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा होती. आमच्याकडे त्या दिवशी खीर करतात आणि वाटतात, दारावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही देतात. इथे दारावरून कोणी जात नसल्यामुळे दोन वर्षं आमची खीर आम्हीच खात होतो.

मी सुट्टी घेतली. मोठं पातेलंभर खीर केली, वेलची घातली, काजू घातले. कागदी कपांत भरली, ट्रेमध्ये मांडली, प्रत्येक कपाबरोबर एक नोटीस. पांढरी साडी नेसले आणि अकराच्या अकरा घरी जाऊन आले.

लोकांना आधी काही कळेना. बहुतेकांना वाटलं मी कुठल्या तरी चर्चची आहे. एका घरी म्हातारं जोडपं होतं, त्यांनी मला आत बसवलं आणि खिरीतल्या काजूंबद्दल दहा मिनिटं विचारलं. एका बाईने रेसिपी लिहून घेतली. एका घरी कुत्र्याने नोटीस खाल्ली, मी जास्तीच्या प्रतींतली दुसरी दिली, तीही त्याने खाल्ली, मग घरधन्याने तिसरी कुत्र्यापासून लपवून फ्रिजवर ठेवली. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या वडिलांसाठी आहे, तुम्ही यायलाच पाहिजे. बाबा म्हाताऱ्याच्या कुंपणाशी उभे असतात हे सगळ्यांनी गाडीतून जाता-येता पाहिलेलं होतं. "अच्छा, ते टोपीवाले? ते तुमचे वडील?" सगळ्यांना आनंदच झाला.

सातव्या घरी एक उंच गृहस्थ राहत होते. सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांची हिरवळ इतकी कापलेली असायची की तिच्यावर पाय ठेवायचा धीर होत नसे. त्यांनी जाळीचं दार उघडलंच नाही. फटीतून नोटीस घेतली, दारातच वाचली. खीर घेतली नाही, दोन जेवणांच्या मध्ये आपण काही खात नाही म्हणाले.

"पण तुम्ही याल ना?" मी विचारलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मी नक्की येईन."

मी खूष झाले. टेक्सासहून नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्याला मुद्दाम सांगितलं की सातव्या नंबरचे काका वाटतात तसे नाहीत, एकट्या त्यांनीच नक्की येतो म्हणून शब्द दिला.

"शब्द दिला म्हणजे? तू त्यांना कुठे भेटलीस?"

"नोटीस द्यायला गेले तेव्हा."

"द्यायला गेलीस?" त्याचा आवाज चढला. "अगं, इथे लोक हिअरिंगला फक्त ऑब्जेक्शन घ्यायला येतात! कोणी आलं नाही की अ‍ॅप्लिकेशन पास होतं. आणि तू लोकांना जाऊन आमंत्रण दिलंस?"

"अकराही घरी," मी म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "खीर देऊन."

तो म्हणाला, "पण मेलसुद्धा केल्या ना?" मी म्हणाले, हातात दिल्यावर परत मेल कशाला करायच्या. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा धाकधूक वाटू लागली. सुनावणी तिसऱ्या दिवशी होती. आता पत्रं टाकूनही उपयोग नव्हता.

सुनावणीला संध्याकाळी सातची वेळ होती, नवरा आदल्या रात्रीच परतला होता. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, काळा कोट आणि टोपी. आम्ही हॉलमध्ये शिरलो आणि नवऱ्याने माझा दंड पकडला. हॉल भरलेला होता. म्हातारं जोडपं होतं, रेसिपीवाली बाई तिच्या नवऱ्यासकट आली होती, कुत्रावाला होता, घोडीचा म्हातारा मालक पहिल्या रांगेत स्वच्छ दाढी करून बसला होता. काही जणांनी मला हात केला. लग्नघरी शिरावं तसं मला वाटलं आणि त्याही स्थितीत मी दोघा-तिघांना "थँक यू फॉर कमिंग" म्हणून आले. सर्वांत मागे, भिंतीला पाठ लावून, सातव्या नंबरचे गृहस्थ उभे होते. हातात टाइप केलेला कागद होता.

बोर्डाची पाच माणसं टेबलामागे बसली होती. आमचा पुकारा झाला. चेअरमन म्हणाले नकाशा उत्तम आहे, तेव्हा नवरा जरा सैल झाला. मग साखळीच्या चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "नोटिसांच्या पोस्टाच्या पावत्या?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी उठून सांगितलं की पावत्या नाहीत, मी सगळ्यांना घरी जाऊन दिल्या.

"घरी जाऊन," चेअरमन म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. नोटीस पोस्टाने गेल्याचा पुरावा नसेल तर सुनावणी घेता येत नाही, ते म्हणाले. पुढची तारीख घ्यावी लागेल. जुलै.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. मी काय केलं होतं ते मला आता कळलं. घोडी लिलावात जाणार होती, आणि ती कुठल्या गावाने अडवली म्हणून नव्हे, तर मला पोस्टात जायचं जिवावर आलं म्हणून. मी बाबांकडे पाहिलं. त्यांना शब्द कळले नव्हते पण चेहरे कळले होते. त्यांनी मांडीवरची टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि उठले.

"चाल पोरी," ते म्हणाले. "झालं."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की मी आजही तो शब्द विसरू शकत नाही. त्यांना ह्याचीच अपेक्षा होती.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या वकीलबाई चेअरमनच्या कानाशी लागल्या. थोडं कुजबुजणं झालं. मग चेअरमन म्हणाले की नोटीस द्यायची ती शेजाऱ्यांना कळावं म्हणून. जो शेजारी स्वतः इथे हजर आहे, त्याला कळलेलं आहेच, मग पावती हवी कशाला? अकराच्या अकरा जमीनमालक हजर असतील तर सुनावणी आत्ता घेता येईल. एक जरी नसेल तर जुलै.

त्यांनी यादी घेतली आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी घ्यायला सुरुवात केली. नंबर एक, म्हातारं जोडपं, दोघांनी हात वर केला. नंबर दोन. नंबर तीन, कुत्रावाला. मी बोटांवर मोजत होते. सहापर्यंत सगळे हजर निघाले.

"नंबर सात?"

कोणी बोललं नाही. चेअरमननी पुन्हा विचारलं. मी मागे वळून पाहिलं. सातव्या नंबरचे गृहस्थ भिंतीशी ताठ उभे होते, ओठ मिटलेले. त्यांना काय कळलं होतं ते मला कळलं. ते नुसते गप्प राहिले असते, किंवा हळूच दाराबाहेर गेले असते, तर आमचं काम तिथेच संपलं असतं. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता.

"प्रेझेंट," ते म्हणाले. एक क्षण थांबून म्हणाले, "अँड अपोज्ड."

सगळे हसले, चेअरमनसुद्धा. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. पुढचे चार हात भराभर वर झाले. नवऱ्याने बाबांना कोटाला धरून खाली बसवलं.

मग सातव्या नंबरच्या गृहस्थांनी आपला विरोध वाचून दाखवला, आणि तो काही गमतीचा नव्हता. माश्या होतील. वास येईल. घोडा सुटून रस्त्यावर आला तर गाडीला धडकेल. आणि एक म्हातारा माणूस, ज्याला इंग्रजी येत नाही, तो हे सगळं कसं सांभाळणार?

"काय म्हणते तो?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, शेवटचं वाक्य सोडून.

"मी बोलतो," बाबा म्हणाले आणि उठले. टोपी काढली. बोर्डाकडे पाठ केली आणि सातव्या नंबरकडे तोंड करून सावधानमध्ये उभे राहिले.

"सर. फोर्टी इयर्स स्टेबल, सर. मॉर्निंग फाइव्ह, मक आउट. इव्हनिंग फाइव्ह, मक आउट. लिटर ड्राय. नो स्मेल. फ्लाय कम, ग्रूम फाइन." मक आउट म्हणजे लीद काढणं, लिटर म्हणजे घोड्याखालचं गवत, ग्रूम म्हणजे मोतद्दार, आणि माशी दिसली की त्याला दंड. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "फोर्टी इयर्स, नो फाइन, सर."

सातव्या नंबरच्या गृहस्थांचीही पाठ अजून ताठ झाली होती. त्यांनी विचारलं, लीद कुठे टाकणार?

"डाउनविंड, सर. कव्हर्ड पिट."

रात्री घोडा कसा बांधणार?

"डबल बोल्ट. हेड कॉलर. लास्ट राउंड नाइन ओ'क्लॉक."

आणि मी पाहायला आलो तर?

"इन्स्पेक्शन एनी टाइम, सर," बाबा म्हणाले. "व्हाइट हँकी."

हे मलाही ठाऊक नव्हतं, नंतर कळलं. गोरे साहेब पांढरा रुमाल घोड्याच्या अंगावरून फिरवत आणि रुमालाला डाग पडला तर मोतद्दाराचा पगार कापत. सातव्या नंबरला ते न सांगता कळलं असावं. त्यांनी कागदाची घडी घातली. आपला विरोध कायम आहे, ते म्हणाले, पण गोठ्याचं दार आपल्या घराच्या उलट्या बाजूला करावं आणि उकिरडा आपल्या कुंपणापासून दूर असावा, एवढं लिहून घेतल्यास आपण हट्ट धरणार नाही.

नवऱ्याने लगेच नकाशावर दार फिरवलं. पेन्सिल त्याच्या कानावरच होती.

चेअरमननी अर्ज चाळला. एक रकाना रिकामा आहे, ते म्हणाले. जनावराचा मालक कोण? जमीन आमच्या दोघांच्या नावावर होती म्हणून नवरा बोलायला उठला. मी त्याचा शर्ट ओढला. बाबांना मी मराठीत विचारलं, "घोडी कोणाची, विचारतायत."

बाबांना चाळीस वर्षं हा प्रश्न विचारला गेला असेल. घोडा कोणाचा? कर्नलसाहेबांचा. हा कोणाचा? धाकट्या साहेबांचा. मग त्यांनी आधी घोडीच्या म्हाताऱ्या मालकाकडे पाहिलं. त्याने होकाराची मान हलवली.

"माइन, सर," बाबा म्हणाले.

चार विरुद्ध एक मतांनी परवानगी मिळाली. जास्तीत जास्त दोन घोडे, दार पूर्वेला, उकिरडा झाकलेला. विरुद्ध मत कोणाचं आणि का, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मला त्याची फिकीरही नव्हती. हॉलबाहेर सगळे उभे राहिले, निघायचं कोणी नाव घेईना. रेसिपीवाली म्हणाली तिची खीर खाली लागली. मी तिला म्हटलं, ढवळत राहायचं, सोडायचं नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी घोडी आणायची ठरली. शेजारून आमच्याकडे यायला रस्त्याने दहा-बारा मिनिटं. म्हाताऱ्याने तिचं जुनं खोगीरही दिलं, घासून चकचकीत केलेलं, आणि ते तिच्यावर चढवून ठेवलं होतं. मी कॅमेरा घेऊन गेले होते. रस्त्याच्या कडेला घराघरांपुढे लोक उभे होते, कोणीतरी सांगितलं असणार. सातव्या नंबरचे गृहस्थही त्यांच्या फाटकाशी उभे होते.

नवऱ्याने एक बादली पालथी करून घोडीच्या बाजूला ठेवली.

"बाबा, बसा ना," मी म्हणाले. हा क्षण मी महिनाभर मनात रंगवला होता. "आता कोणी अडवत नाही. चढा. मी फोटो काढते."

बाबांनी बादलीकडे पाहिलं. लोकांकडे पाहिलं. रिकिबीला हात लावून पाहिला. मग ते वाकले, घोडीच्या पोटाखालचा पट्टा सोडला, खोगीर उतरवलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. नवरा त्या वजनाने वाकला.

"काहून बाबा?" मी म्हणाले. नागपूर सोडल्यापासून बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडातून 'का' ऐवजी 'काहून' गेला असेल.

"एकोणीस वर्षांची झाली ते," बाबा म्हणाले. "आयुष्यभर ओझं वाह्यलं तिनं. आता माझी आहे ना? मग मी नाही बसत. कोणी नको म्हणलं म्हणून नाही. मी नको म्हणतो."

त्यांनी दोरी हातात घेतली, जिभेने टकटक आवाज केला आणि दोघं शेजारी शेजारी चालू लागले. बाबांनी टोपी वर करून सातव्या नंबरला सलाम केला. त्यांनीही केला. मी फोटो काढायचा विसरले आणि मागून चालत राहिले.